बाबा सांगायचे तो सिनेमा

"आज मालनबाईकडे जायचं नाही," तुळशीराम म्हणाला.

"काहून?" हेमलतानं विचारलं. "आज बडा दिन आहे बाबा. टीव्हीवर पिक्चर आहे. सगळे जाऊन राहिले."

"जाऊ दे सगळ्यांना. आपला पिक्चर आपल्या घरी."

हेमलता बारा वर्षांची होती. गल्लीत एकट्या मालनबाईकडे टीव्ही होता आणि आपल्या घरी तो कधी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तुळशीराम ओमती मोहल्ल्यातल्या एका टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचा. एवढा मोठा पडदा सोडून त्या डब्यात काय बघायचं, असं तो म्हणायचा. त्याऐवजी दर बड्या दिनाला, नाताळच्या संध्याकाळी, तो खिडक्या लावून घ्यायचा, भिंतीवर धुतलेली चादर टांगायचा, पोरींना समोर बसवायचा आणि मागे उभा राहून सिनेमा सांगायचा. मशीनची घरघर तोंडानं, गाडीची शिट्टीही तोंडानं.

सिनेमा दरवर्षी तोच. फार वर्षांपूर्वी त्याच्या टॉकीजला लागलेला. पहाडातल्या गावात एक मुलगा असतो. त्याची आई नर्स असते. दूरच्या गावात साथ येते, आई तिकडे जाते, नाताळला परत येते म्हणून सांगते. मुलगा रोज स्टेशनवर जाऊन बसतो. शेवटी नाताळच्या दिवशी गाडी थांबते, धूर विरतो आणि फलाटावर आई उभी असते. इथे पोरींची आई कलावती हमखास डोळे पुसायची, मग हसत उठून केक कापायची.

यंदा कलावती घरी नव्हती. क्षयानं ती पार खंगली होती. उन्हाळ्यात तिला लांबच्या पहाडावरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. लहान मुलांना तिथे आत सोडत नसत. "बरी होऊन राहिली," तुळशीराम सांगायचा. "नाताळला येते म्हणाली." नाताळ आला, तेव्हा तो म्हणाला, "थंडी ओसरली की येईल." कामट्यांचा तारा हेमलतानं एकटीनं बांधला. मैदा, अंडी, साखर घेऊन बेकरीतून केक तिनंच भाजून आणला. सकाळी चर्चमध्ये आईच्या तब्येतीसाठी तिनं मोठ्यानं प्रार्थना केली, तर शेजारच्या बायांना 'आमेन' म्हणायलाही उशीर झाला.

आईवाचून तो सिनेमा तिला ऐकायचाच नव्हता. बाबा चादर टांगायला स्टुलावर चढले, तशी ती धाकट्या अंजनीला तिथेच सोडून मागच्या दारानं सटकली.

मालनबाईची खोली गच्च भरली होती. हेमलता मुलांबरोबर पुढे सतरंजीवर बसली. पडद्यावर पहाड आला, स्टेशन आलं, पांढऱ्या साडीतली नर्स आली. हेमलता एकदम ताठ झाली. हा तर बाबांचा सिनेमा! शेजारच्या पोरीला ती कानात सांगू लागली, आता साथ येईल, आता आई ट्रंक भरेल. सगळं तसंच होत गेलं. घरी जाऊन बाबांना कधी सांगते असं तिला झालं. आईला पत्रात लिहायचं, हेही तिनं ठरवून टाकलं.

नाताळचा दिवस आला. गाडी थांबली. धूर विरला. डब्यातून एक म्हातारे डॉक्टर उतरले. त्यांच्या हातात आईची ट्रंक होती. मुलगा त्यांच्या मागे, डब्याच्या दाराकडे बघत राहिला. दारात कुणीच आलं नाही. गाडी सुटली.

"हे चुकलं," हेमलता मोठ्यानं म्हणाली. "आई येते यात."

तिनं मागे वळून पाहिलं. टीव्हीकडे एकाही बाईचं लक्ष नव्हतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मालनबाईनं तोंडाला पदर लावला होता.

"विष्णू, बंद कर रे तो टीव्ही," ती आपल्या मुलाला म्हणाली. "बंद कर म्हणते ना!"

हेमलता उठली. बायांनी पाय आखडून तिला वाट करून दिली. तिला कुणी हाक मारली नाही.

घरी चादर टांगलेली होती. अंजनी तिच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तुळशीराम मागे उभा राहून नाताळच्या दिवशी गाडी स्टेशनात आल्याचं सांगत होता. दारात हेमलता दिसली आणि त्याचा आवाज थांबला.

"पाहिला?"

"हो."

"पूर्ण?"

"हो बाबा." ती त्याच्याजवळ गेली आणि अंजनीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं विचारलं, "कधी?"

तुळशीरामनं भिंतीला हात टेकला. "दसऱ्याच्या वेळी. तुम्हाला मामाकडे ठेवलं होतं तेव्हा. तिकडे पहाडावरच माती दिली." मग म्हणाला, "गल्लीतल्या सगळ्यांना मी हात जोडले होते. निदान नाताळ जाऊ द्या, म्हटलं."

हेमलता रडली नाही. आपण सकाळी कुणासाठी प्रार्थना केली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

"बाबा, मंग?" अंजनी चादरीवरची नजर न काढता म्हणाली. "गाडी आली. मंग काय होते?"

तुळशीराम खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून म्हणाला, "हेमा, पुढचं तू सांग. माझ्यानं आता होत नाही."

हेमलता चादरीसमोर बसली. तिनं अंजनीला मांडीवर ओढलं, तिचं तोंड बापाकडे वळणार नाही असं धरलं, आणि म्हणाली, "मंग आई येते."