कचऱ्याचे बटण

ते साल दोन हजार चार. भिंतीवर टांगलेल्या चादरीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला आणि दंतवैद्य म्हणाला, "चला, आज आपल्या चाळणीचं डोकं उघडून बघू. विकतच्या सॉफ्टवेअरला असं उघडता येत नाही हं!"

सायकलच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांची रविवारची बैठक भरली होती. गटाचा मेल सर्व्हर दंतवैद्य सांभाळत असे. त्या वर्षी कचरा-मेलनी सगळ्यांना जेरीस आणले होते. म्हणून त्याने फुकट मिळणारी, कुणालाही आतून पाहता येईल अशी एक चाळणी बसवली होती. नको असलेल्या मेलवर बटण दाबायचे. कोणते शब्द नकोसे, हे चाळणी त्यावरून शिकायची. सगळ्यांची चाळणी एकच. ती पुरेशी शिकली की तसली मेल कुणापर्यंतच पोचत नसे.

चादरीवर इंग्रजी शब्द उमटू लागले. सगळ्यात नकोसा तो सगळ्यात वर. लॉटरी. कर्ज. टक्कल.

"टक्कल कुणी शिकवलं रे हिला?" छापखानेवाला डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "माझ्या कामाची तेवढी एकच मेल यायची."

सगळे हसले. ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. "सर आजही आले नाहीत," त्या म्हणाल्या.

सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गट त्यांनीच काढलेला. पूर्वी बैठक त्यांच्याच पुढच्या खोलीत व्हायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, चहाचा ट्रे ठेवायच्या आणि लिनक्सच्या चित्राकडे बोट दाखवून दर वेळी विचारायच्या, "तुमच्या त्या पेंग्विनला काही खायला देऊ का?" उन्हाळ्यात वहिनी गेल्या. बैठक इकडे हलली. सरांच्या मेल मात्र सगळ्या गटाला यायच्या, लांबलचक, दिवसाला तीन-तीन, चार-चार. मग त्या एकदम थांबल्या. 'सर, कुठे आहात?' असे बाईंनी दोनदा लिहिले. उत्तर आले नाही. फोन करावा, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. ही सगळी मेलवर बोलणारी माणसे.

"रुसलेत," छापखानेवाला म्हणाला. "गट सोडायचा तर सोडा, पण सांगा तरी. आपण काय त्यांचं घोडं मारलंय?"

दंतवैद्याने पान पुढे सरकवले. इंग्रजी शब्दांच्या रांगेत एक मराठी शब्द आला. वहिनी. त्याच्या खाली, एकटा. मग, रिकामं. मग, आठवतं.

दंतवैद्याने पान तिथेच थांबवले. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"मी आपलं दोनदाच दाबलं होतं," छापखानेवाला शेवटी म्हणाला. "रोज तेच ते असायचं. त्यात कामाची मेल सापडेना."

"मीही दाबलं," बाई म्हणाल्या. "मला वाचवत नव्हतं हो."

दंतवैद्याने 'मीही' म्हणून मान हलवली. प्रत्येकाने आपल्यापुरते दाबले होते. बेरीज चाळणीने केली होती. सर कधी थांबलेच नव्हते. बाईंच्या प्रश्नालाही त्यांनी दोन्ही वेळा उत्तर पाठवले असणार. ते चाळणीच्या दारातच अडले होते.

तिघे तसेच उठून सरांकडे निघाले. मशीन चुकले म्हणून सांगायचे, असे जिन्यातच ठरले.

सरांनी दार उघडले. दाढी वाढली होती. पुढच्या खोलीत खुर्च्या अजून बैठकीसारख्या गोल मांडलेल्या होत्या, आणि एक सोडून सगळ्यांवर धूळ होती.

"सर, ते मशीन जरा चुकलं," दंतवैद्याने सुरुवात केली.

"मशीन आपल्या मनानं काही शिकत नाही, डॉक्टर," सर म्हणाले. "त्याला कुणीतरी शिकवावं लागतं."

तिघांच्या माना खाली गेल्या. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. सर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"अहो, मीच शिकवलं. माझी मेल फिरून मलाही यायची ना. वाचली की माझी मलाच लाज वाटायची. मग काय, दाबत सुटलो बटण. तुम्ही कशाला तोंडं पाडून उभे? बसा, बसा."

छापखानेवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बाई बसल्या. खूप दिवसांनी त्या घरात चहा झाला.

दंतवैद्याने चाळणी त्याच संध्याकाळी पुसून कोरी केली. कचरा पुन्हा धो धो येऊ लागला. कुणी तक्रार केली नाही. सर पुढच्या काही बैठकांना आले. त्यांच्या मेलही येत, पण चार ओळींच्या, कामापुरत्या. वहिनींविषयी त्यांनी पुन्हा अक्षर लिहिले नाही. वर्षभरात ते बहिणीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. छापखानेवाल्याने छापखाना विकला. तो मुलीजवळ राहू लागला. बाई निवृत्त झाल्या. सरांचा विषय निघाला की त्या म्हणत, "दाबलं आम्हीही, पण सुरुवात त्यांचीच होती." एवढ्यावर त्यांना झोप लागत असे.

पुढे म्हातारपणी त्या कवळी बसवायला दंतवैद्याकडे गेल्या. तोही थकला होता, दवाखाना बंद करायच्या बेतात होता. बाई खुर्चीत तोंड उघडून पडल्या होत्या, बोलू शकत नव्हत्या. तेव्हा तो म्हणाला, "बाई, ते बटण मलाच ज्याच्या त्याच्या घरी जाऊन मशीनवर बसवावं लागायचं. मी तुमच्याकडे आलो, छापखान्यात गेलो, सगळ्यांकडे गेलो. वहिनींना जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. समोर बसून काय बोलावं ते सुचेना, म्हणून सरांच्या घरी मी गेलोच नाही."