देवरावांचा राजीनामा

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि फ्रेममधला कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वासंतीला वाटलं, झालं, भोपाळच्या राज्य प्रदर्शनासाठी आपली निवड पक्की.

भिलाईतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये इतिहासाचे चाळीस प्रकल्प मांडले होते. बहुतेकांचे थर्माकोलचे किल्ले. दहावीतल्या वासंतीकडे मात्र खरा कागद होता, आणि खरा माणूसही. पुठ्ठ्यावर तिनं ठळक लिहिलं होतं, ‘मेरे दादाजी का राजीनामा’. शेजारच्या खुर्चीत चंपतकाका बसले होते, धुतलेला सदरा घालून, डावी बाही खांद्यापाशी टाचून.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आजोबा, म्हणजे देवराव, दुर्गच्या एका राईस मिलमध्ये क्लार्क. तिथं हमाल चंपतचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. मालकानं कानावर हात ठेवले. आजोबांनी त्याच दिवशी नोकरीवर लाथ मारली.

आता खरं सांगायचं तर आजोबा स्वतः यातलं अक्षरही कधी बोलले नव्हते. ते गेल्यावर ट्रंकेत हा कागद निघाला. वर टपोऱ्या अक्षरात ‘राजीनामा’, खाली कोर्टाच्या कारकुनाचं गिचमिड. ते कोण वाचत बसतं? वासंतीच्या बाबांनी कागदाला फ्रेम करून घेतली आणि मोहन नगरच्या घरात दर्शनी भिंतीवर लावली. येईल त्याला दाखवायचे. चंपतकाका दर दसऱ्याला यायचे. पायरीवर बसून चहा प्यायचे. आपट्याचं सोनं कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, उंबरठ्यावर ठेवून निघून जायचे. बाबा म्हणायचे, "उपकार विसरला नाही बिचारा."

"बेटी, मराठी हो?" परीक्षकांनी विचारलं. मास्तर होण्याआधी ते कोर्टाच्या कचेरीत होते.

"जी."

"तभी. तुम्हारे यहाँ राजीनामा माने इस्तीफा. हमारी कचहरी में राजीनामा माने समझौता."

मग त्यांनी ओळीवर बोट ठेवत सगळं वाचून दाखवलं. चंपतनं मालकावरचा दावा मागे घ्यावा. बदल्यात मालकानं त्याला मोहन नगरातला एकवीस नंबरचा प्लॉट द्यावा. चंपत अनपढ आहे, म्हणून प्लॉट तूर्त क्लार्क देवराव यांच्या नावे राहील. खाली आजोबांची सही, बाजूला चंपतचा अंगठा.

प्लॉट नंबर एकवीस. वासंती प्रत्येक नव्या वहीवर हाच पत्ता लिहायची.

तिला काहीच वाटलं नाही. रडू नाही, लाज नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली. वरचा पंखा खडखडत होता, तो मात्र तिला नीट ऐकू येत होता. कागद अस्सल आहे म्हणून परीक्षकांनी तिला पूर्ण गुण दिले आणि ते पुढच्या किल्ल्याकडे वळले.

"चंपतकाका," ती म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मग बोलले कावून नाही?"

"अंगठा माहाच हाय ना त्याच्यावर. तुहे आजोबा म्हणे, नावापुरतं हाय."

वासंतीनं फ्रेम उचलली, उलटी करून टेबलावर ठेवली.

"अन् तरी तुम्ही दर दसऱ्याले आमाले सोनं द्याले येता?"

चंपतकाका खुर्चीतून उठले. एका हातानं त्यांनी सदरा सारखा केला.

"तुमाले नाही व पोरी," ते म्हणाले. "सोनं मानूस आपल्या घरी आनते."