कुरळे केस

तिला दोन स्थळं आली, दोन्ही सोनारांची. एकाचं स्वतःचं दुकान होतं, पण डोक्यावर केस नव्हते. दुसरा नुसता कारागीर, दिवसभर मान खाली घालून दागिने कानशीने घासणारा. केस मात्र दाट, कुरळे. तिने दुसऱ्याला होकार दिला.

आईने कपाळाला हात लावला. "रूपावर भाळली कार्टी!"

लग्नानंतर नवरा कामावरून आला की ती त्याला दाराशीच बसवायची, खाली पांढरं फडकं अंथरायची आणि हलक्या हाताने त्याचे केस विंचरायची. आई म्हणायची, हिचं खूळ काही जात नाही.

नातीच्या कानात लाल खड्याचे डूल दिसले, तेव्हा मात्र आई चमकली. "सोनं कुठून गं आणलंस?"



लेक फडक्याची घडी घालत म्हणाली, "तुझ्या जावयाच्या केसांतून."