नवा थर

"अवो, तुळई कुरकुरतीया. औंदा जुनी माती उपसा, मगच नवी टाका," खालून बायको निळव्वा ओरडली.

मातीच्या माळवदावर उभ्या बसलिंगप्पानं पाटी रिकामी केली. "मुरलेली माती उपसली की घर गळतंय. बापानं कधी उपसली नाही, अन् मी उपसू?" दरसाल मृगाआधी जुन्या थरावर नवा थर चढायचा. घर गळत नाही, याचा त्याला कोण अभिमान!

त्या पावसाळ्यातही थेंबभर पाणी आत आलं नाही. भिजून जड झालेलं माळवदच आलं, चुलीपुढं बसलेल्या निळव्वावर. उकरताना आधी त्याची माती निघाली, मग बापाची, त्याखाली ती.

स्मशानात लिंगायत रीतीनं खणलेल्या खड्ड्याशी जंगमस्वामी म्हणाले, "अप्पा, मूठभर माती टाका."

"माझी टाकून झालीया," म्हणत तो रिकाम्या हातानं मागं सरला.