तिसरा खाडा

तळ्यात नवं काही उरलेलं नाही, असं पृथ्वीराजनं पक्कं ठरवलं आणि तरीही ट्रायपॉड उघडला.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर ऊन यायला अजून थोडा वेळ होता. समोर पाण्यात देऊळ, कडेला किल्ल्याचा बुरूज, मधल्या दगडावर दोन बगळे. अकरा वर्षं तो हे टिपत होता आणि अकरा वर्षं वाहवा झेलत होता. यंदा मात्र प्रदर्शन भरवणाऱ्या चनबसप्पांनी फोटो चाळले आणि परत दिले. रविवारपर्यंत नव्या नजरेनं तळं बघून या, नाहीतर तुमची भिंत दुसऱ्याला देतो, म्हणाले. नवी नजर म्हणे. ज्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, ते दुसऱ्याची नजर तपासणार.

आणि हे तळं तरी किती कोडगं. देऊळ हलत नाही, बुरूज हलत नाही. बगळेसुद्धा सरकारी नोकरी लागल्यासारखे ठरलेल्या दगडावर. असल्या गावात नजर नवी करायची कशानं, शेंगाच्या चटणीनं?

काशम्मा गुडघाभर पाण्यातून वर आली. घाट झाडायला आणि पाण्यातलं निर्माल्य काढायला ठेक्यावर लागलेली ही बाई. फोटोत आलीच, तर पृथ्वीराज घरी बसून तिला पुसून काढायचा. आज ती सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली.

"अण्णा, आजपासनं दुसरीकडं उभारा की."

पृथ्वीराज हसला. तळं तुझ्या नावावर कधी झालं, असं त्यानं विचारलं.

काशम्मा रागावली नाही. हजेरी फोटोवर असते, तिनं सांगितलं. घाट झाडून झाला की पाण्यात उभं राहून पायऱ्यांचा फोटो काढायचा आणि मुकादमाला धाडायचा. या महिन्यात काम करूनही तिचे दोन खाडे पडले. आज तिसरा पडला, तर उद्या या पायऱ्यांवर दुसऱ्या बाईचा झाडू.

त्यात माझा काय संबंध, तो म्हणाला. तारीख तर फोटोवरच उमटते. तारीख काय कुणीही बदलतं, असं मुकादम म्हणतो, ती म्हणाली. पदराला हात पुसून तिनं मोबाइल पुढे धरला.

त्यानं तो दोन बोटांत धरला. वाकडा धरलाय, उजेड जास्त झालाय, असं काहीबाही पुटपुटत फोटो सरकवू लागला. मग अंगठा मंदावला. एका फोटोत पाण्यावर सायीसारखं धुकं. दुसऱ्यात पहिल्या उन्हानं पायऱ्या हळद लावल्यासारख्या. एकात ढग इतके खाली, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, कळेना. एकात शेवाळाच्या हिरव्या थरावर एकुलतं एक जास्वंद, आत्ताच कुणी सोडलेलं. हे तळं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि प्रत्येक फोटोत, पाचव्या पायरीवर, खिशाखिशांची तीच बंडी घातलेला, डावा पाय पुढे, मान उजवीकडे कललेला एक माणूस.

पृथ्वीराजनं वर पाहिलं. काशम्मा अजिजीनं, अगदी हळू बोलली.

"पाणी रोज निराळं असतंय, अण्णा. पण मुकादम तुमालाच बघतंय आन् म्हणतंय, फोटू जुनाच हाय."