पहिली खुर्ची

थोरल्याने खुर्ची पार खाली उतरवली. मास्तरांचे गुडघे हनुवटीला लागायची वेळ आली, पण जुनं गिऱ्हाईक, तसेच बसून राहिले. ऑपरेशननंतर थोरला आज पहिल्यांदाच सलूनमध्ये, दारालगतच्या आपल्या खुर्चीपाशी उभा होता. जमलं तर ही खुर्ची त्याची, नाहीतर कायमची धाकट्या भावाची, असं घरात ठरलं होतं.

डॉक्टरांनी अर्धी जीभ काढली, मानेतल्या गाठी काढल्या आणि कॅन्सर गेला म्हणून पाठ थोपटली. गाठींबरोबर खांद्याची नसही गेली. उजवा हात खांद्याच्या वर चढेना. आता न्हाव्याने काय गिऱ्हाइकांचे गुडघे भादरायचे?

म्हणून ही उतरवलेली खुर्ची. आणि खरं सांगायचं तर जमत होतं. कोपर अंगाला चिकटवून, जरा वाकून त्याने कानामागचे केस असे साफ काढले की मास्तर आरशात बघून खूश झाले. लाळ आली की तो तोंड फिरवून रुमालाने टिपायचा. शेजारी रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या धाकट्याला ते बघवेना.

तो आला आणि पायाने खुर्चीचा दांडा दाबू लागला. खुर्ची वर. अजून वर. मास्तरांचं डोकं थोरल्याच्या हातातून निसटलं. कात्री त्यांच्या खांद्यापाशीच राहिली.

"मास्तर अवघडले होते," धाकटा म्हणाला.

थोरला अर्ध्या जिभेने एकेक अक्षर ओढत बोलला, "मला जमतंय. खुर्ची खाली घे." बाहेरच्यांना त्याचं बोलणं नुसतं गुरगुरणं वाटायचं. कळायचं ते दोघांनाच, बायकोला आणि या भावाला. दवाखान्यात उशाशी बसून बसून भाऊ ते शिकला होता.

"काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

"दमलोय, पुढचं तू कर, म्हणतोय," धाकट्याने सांगितलं.

थोरल्याने जमेल तशी नाही म्हणून मान हलवली, पुन्हा बोलायला गेला, आणि लाळेची तार मास्तरांच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर पडली. धाकट्याने त्याच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली. मग लहान मुलाचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसून दिलं.

मास्तरांचे डोळे भरून आले.

"नशीबवान आहेस रे," ते थोरल्याला म्हणाले. "असा भाऊ मिळायला पुण्य लागतं."