बिनबांगडीचा हात

“आजपासून तुमच्या मासळीबाजारात लोकशाही येणार,” शहरातल्या संस्थेचा साहेब मतपेटी ठेवत म्हणाला.

“कितीच्या गाडीनं?” मी विचारलं. कोळणी खिदळल्या.

वीस वर्षं मी या बाजाराची म्होरकी. आमचा रिवाज साधा. म्होरकी निवडताना नाव पुकारायचं, जिला मान्य तिनं हातातल्या बांगड्या वाजवायच्या. या साहेबाच्या चिठ्ठ्यांवर तर तीन नावं आधीच छापलेली, त्यानंच निवडलेली. मी पेटी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. “निवड तुम्हीच उरकलीत. मग आम्ही काय नुसते शिक्के मारायचे?”

“बरोबर बोललीस, जाऊबाय,” शेजारून माझी धाकटी जाऊ भानू म्हणाली. “पण माझ्या हातांकडं बघ. तुझा दीर गेला तेव्हा माझ्या बांगड्या तूच फोडल्यास. नऊ वर्षं मी काय वाजवू?”

खिदळणं थांबलं. पाट्यांमागं मोकळ्या हातांच्या आणखी सहाजणी बसल्या होत्या. रोज दिसायच्या, आज मी पाहिल्या.

साहेबानं लगेच मांडीवरची पेटी पुन्हा पुढं केली.

“ती ठेवा बाजूला,” मी म्हटलं. “हक्क तिचाच आहे, तुम्ही शहरातून आणलेला नाही. अडवला मी होता, सोडतेही मीच.” मग बाजाराकडं वळले. “जिला मी म्होरकी नको, तिनं हात वर करावा. बांगडी असो नाहीतर नसो.”

सगळ्यांआधी भानूचा हात वर गेला. साहेब मोजायला उठला. त्याला मी खाली बसवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “एक.”